चेहरा पुसला, पदर राहिला

‘विद्यार्थिनी आक्रमक!’ असं मोबाइलवर ‘बांध लाइव्ह’च्या बातमीत लाल पट्टीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि ती आक्रमक विद्यार्थिनी म्हणजे मी. गौरवी, अकरावी आर्ट्स, डिचोली. खोटं कशाला बोलू, वाचून आधी मला मस्तच वाटलं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणताना माझा आवाज बेंचाखाली पडायचा आणि मॅडम मला गैरहजर लावायच्या. वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि गाडी सुटली. आता मी कुठंही उभी राहून बोलते, बसमध्ये कंडक्टरशीसुद्धा. तर आक्रमक म्हणालात? म्हणा!

मग मी बोटानं बातमी वर सरकवली, फोटो आला, आणि माझं सगळं मस्त वाटणं तिथंच संपलं.

फोटो आमच्या संकुलाच्या सभागृहाचा होता. बुधवारी तिथं पालकांची सभा झाली. आमच्याकडे हायर सेकंडरी आणि कॉलेज एकाच आवारात आहे, आणि कोणी कोणाला त्रास दिला, अंगचटीला आलं, अडवलं, तर तक्रार कशी घ्यायची याचा नवा नियम प्रिन्सिपल सरांनी केला होता. तो पालकांना समजावून सांगायची ही सभा. सगळ्यांना एकेक कागद वाटला होता. आयांनी साधे प्रश्न विचारले: समितीत कोण बसणार, पोरीला एकटीला आत बोलावणार की आईला बरोबर घेणार, कोकणीतून सांगितलं तर चालेल का. दोन बाप्पे मात्र कागदाची घडी न उघडताच उभे राहिले. ‘‘उद्या कोणीय पोर उठतली आणि कोणाचंय नाव घेतली! आमच्या मुलग्यांनी काय करायचं?’’ तेव्हा मी उठले आणि म्हटलं, ‘‘काका, ओरडण्याआधी कागद वाचा.’’ एवढंच. लोक हसले, सभा पुढे सरकली, शेवटी चहा आणि समोसे झाले.

आता बातमी अशी होती: ‘एका तक्रारीवर मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त? नव्या नियमावरून पालक भडकले!’ खाली मी आक्रमक. त्याखाली मतदान: ‘तुम्ही कोणाच्या बाजूने? मुली / मुलगे.’ समोशांचा उल्लेख नव्हता.

आणि तो फोटो. अख्खं सभागृह स्वच्छ दिसत होतं, मागच्या रांगेतला जांभया देणारा शिपाईसुद्धा. फक्त पुढच्या कोपऱ्यातले दोन चेहरे धूसर केले होते. एवढ्या गर्दीत दोनच. म्हणजे झाकलं की बोट दाखवलं? त्यातल्या एका धूसर चेहऱ्याभोवती डोक्यावरून घेतलेला पदर होता, हिरव्या काठाचा. आमच्या डिचोलीत सभेला डोक्यावर पदर घेऊन येणारी बाई एकच आहे. भागीरथीकाकी. तिच्या शेजारी बसलेली मग कोण असणार, हे सांगायला कोणाला ढाल मिळालेली असायची गरज नाही.

पूनम. माझी बेंचवरची मैत्रीण, काकीची लेक.

तिचे बाबा, आनंदाकाका, इथल्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहेत. मूळ गाव चंदगडच्या बाजूला. पूनमला एका मुलानं जिन्यात अडवलं होतं, आणि एकदाच नाही. पुढचं सांगायचं की नाही ते तिचं आहे, मी सांगणार नाही. तिचं नाव-गाव लिहितेय ते तिला विचारून; त्या मुलाचं नाव मात्र लिहिणार नाही. घाबरून नाही हां! का ते पुढे कळेल. तिनं तक्रार दिली होती, आणि शनिवारी समिती तिचं म्हणणं ऐकणार होती. नव्या नियमानं ऐकली जाणारी पहिलीच तक्रार.

गुरुवारी ती शाळेत आली नाही. फोन उचलला नाही. बातमीखालच्या कमेंटी मी वाचत गेले आणि माझे कान तापत गेले. ‘भायल्यांना आणून बसवलं की हेंच जातलें.’ भायले म्हणजे बाहेरून आलेले. ‘पदरवाली कोण ती? वसाहतीतली काय?’ त्याखाली हसणारे चेहरे, रांगेनं.

सुटल्यावर मी सरळ तिच्या खोलीवर गेले. दारात तिची शाळेची बॅग होती, पण ती पुस्तकांनी नाही, कपड्यांनी फुगलेली.

‘‘काय चाललंय गो?’’ मी विचारलं.

 उत्तर आनंदाकाकांनी दिलं. ‘‘गावाकडं निघालीय ती. आजीजवळ ऱ्हाईल. शनवारी सकाळची गाडी हाय.’’

‘‘शनिवारी तर...’’

‘‘म्हाईत हाय मला शनवारी काय हाय ते.’’ ते शांतपणेच बोलत होते, आणि तेच जास्त भीतीचं होतं. ‘‘कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एका पोरानं मोबाइल फुडं केला. म्हनला, आनंदा, ह्यो वहिनीचाच पदर न्हवं? धा जणं बगीत हुती. मी जेवलो न्हाई, पोरी. माझी लेक म्हंजे काय मतं द्यायची गोष्ट हाय काय?’’

‘‘पण काका, तिनं काही चूक केली नाही!’’

‘‘म्हनून तर नेतोय. चूक केली असती तर हितंच ठेवली असती, भोग म्हणून.’’

भागीरथीकाकी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पाठ करून उभी होती. तिचा पदर खांद्यावर होता. डोक्यावर नव्हता. मी तिला पहिल्यांदाच तसं बघितलं, आणि मला कसंतरीच झालं.

बाहेर जिन्यापर्यंत पूनम आली. ‘‘मी गेले तर तक्रारीचं काय होतंय?’’ तिनं विचारलं.

मला माहीत होतं. बोलायलाच कोणी नसेल तर समिती काय ऐकणार? फाइल बंद. आणि तो जिना तसाच.

‘‘तू जाणार नाहीस,’’ मी म्हटलं. ही माझी नवी सवय, आधी बोलायचं आणि मग कसं करायचं ते शोधायचं.

शोधायला लांब जायचं नव्हतं. ‘बांध लाइव्ह’ चालवणारा माणूस माझा सख्खा मामा आहे.

किस्नामामा, म्हणजे कृष्णनाथ. पूर्वी त्याचे खाणीवर दोन ट्रक होते. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, आणि मामानं गळ्यात माइक घातला. बाजारात पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानावर त्याची खोली आहे. खाली पोई भाजतात आणि वर बातम्या. मला वक्तृत्वाला तयार त्यानंच केलं. भिंतीसमोर उभी करून तो ओरडायचा, ‘‘आवाज पोटातून काढ गो, नाकातून नको!’’ ती ढाल अर्धी त्याची आहे. म्हणून तर त्याचा जिना मी एकेक पायरी मोजत चढले.

‘‘आयली आक्रमक बाय!’’ त्यानं खुर्ची फिरवली. ‘‘बघितलंस काय? सकाळपासून नुसती धावतेय बातमी. तुझ्या त्या एका वाक्यानं तर...’’

‘‘मामा, फोटो काढ.’’

‘‘कसलो फोटो?’’

‘‘सभागृहाचा. पूनमला सगळ्यांनी ओळखलं.’’

‘‘अगो, चेहरा ब्लर केलाय मी! मुद्दाम. एवढी अक्कल आहे हां मला. त्या मुलाच्या बापानं सांगितलं कोण ती, म्हणूनच ब्लर केला, नाहीतर केलाही नसता.’’

‘‘दोघींचाच केलास. बाकी सगळे उघडे. आणि पदर?’’

‘‘पदराला कोण ब्लर करतं?’’ तो हसला; मग माझं तोंड बघून थांबला. ‘‘आयक, फोटो काढला की बातमी मरते. आणि मी खोटं काय लिहिलं? लोक भडकले नाहीत?’’

‘‘दोघे भडकले. बाकीचे समोसे खात होते.’’

‘‘समोशाची बातमी कोण वाचतलो? बातमीला दोन बाजू लागतात, बाय. भांडण असलं की लोक थांबतात, नाहीतर बोट पुढे जातं.’’ मग त्याचे डोळे चमकले. ‘‘तू असं कर, उद्या सांजवेळी लाइव्हला बस. ‘मुली की मुलगे?’ तू मुलींच्या बाजूनं, मी समोरचे प्रश्न घालतो. बोल काय बोलायचं ते. मामा-भाची! डिचोली थांबून बघतली.’’

‘‘आणि फोटो?’’

‘‘लाइव्ह झाल्यावर बघू.’’

‘‘बघू’’ म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकून आपल्याला पाठ असतं. तरी मी ‘हो’ म्हटलं. म्हटलं, तिथं असं भाषण करीन की पालक, कंपनी, कमेंटवाले, सगळे गप्प!

शुक्रवारी दिवसभर मी भाषण लिहिलं. दणदणीत. सुरुवातीलाच टाळ्या पडतील असं. आरशासमोर म्हणून बघितलं आणि मधेच लक्षात आलं: मी जितकं जोरात बोलीन तितकी मी ‘आक्रमक’. एका बाजूला ते दोघे बाप्पे, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये पूनमचा धूसर चेहरा. मामाला नेमकं हेच हवं होतं, आणि मी ते त्याला घरपोच नेऊन देत होते. भाषण मी टेबलावरच ठेवलं. दप्तरातून सभेतला तो कागद काढला. फक्त तो घेतला.

खोलीत मामानं हिरवा पडदा लावला होता, गोल दिवा पेटवला होता. खालून भाजलेल्या पावाचा वास येत होता. मोबाइलच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. त्यात आनंदाकाकांच्या कंपनीतले असतील. कदाचित ते स्वतःही.

‘‘नमस्कार! आज आपल्यासोबत आहे ती विद्यार्थिनी, जिनं भर सभेत पालकांना सुनावलं!’’ मामाचा हा आवाज घरचा नाही, माइकचा. ‘‘गौरवी, एका वाक्यात सांग. तू मुलींच्या बाजूनं की मुलांच्या?’’

मी गप्प बसले.

त्यानं भुवई उडवली. मी गप्प. आकडा चढला. कमेंटी सुरू झाल्या: ‘बोलती बंद!’ ‘सभेत बरी तोंड वर करून बोलत होती!’ माझ्या तोंडात उत्तरांची नुसती गर्दी झाली होती. दात घट्ट दाबून मी ती आत ठेवली.

‘‘आमची भाची लाजली,’’ मामा हसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

‘‘लाजले नाही. मामा, हा प्रश्न कोणाचा?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘आजोबा देवापुढे प्रसाद लावायचे तेव्हा प्रश्न कोणाचा असायचा?’’

मामा एकदम थांबला. माझं आजोळ पेडण्याकडचं. तिथल्या देवळात ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला लावून विचारायचं काम आजोबांकडे होतं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ज्याचं गाऱ्हाणं तो समोर उभा राहतो, आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत देवाला सांगायचा. लावणाऱ्यानं एक शब्द जरी फिरवला, तरी पडलेली पाकळी धरायची नाही. पुसून पुन्हा लावायची. मामा लहानपणी पाण्याचा तांब्या धरून आजोबांच्या मागे उभा असायचा. भिंतीसमोर मला उभी करताना त्यानंच हे शंभरदा सांगितलं होतं: प्रश्न ज्याचा, शब्द त्याचे.

‘‘गाऱ्हाणं घालणाऱ्याचं,’’ तो हळू म्हणाला. हा आवाज माइकचा नव्हता.

‘‘मग ‘मुली की मुलगे’ हे कोणी विचारलं होतं सभेत?’’

 मी कागद त्याच्यापुढे सरकवला. ‘‘हा ज्यावरून लोक भडकले तो नियम. तू वाच. तुझ्या आवाजात.’’

‘‘आता? लाइव्हवर?’’

‘‘तू वाचलायस ना बातमी देण्याआधी?’’

मला वाटलं, तो लाइव्ह बंद करणार. त्याचा हात खरंच मोबाइलकडे गेला होता. मग तो मागे आला, त्यानं कागदाची घडी उघडली, आणि मला कळलं की ती पहिल्यांदाच उघडतेय. घडीची रेघ अजून करकरीत होती.

‘‘एक. तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती असेल. दोन. दोघांचंही म्हणणं वेगवेगळं ऐकलं जाईल, समोरासमोर बसवलं जाणार नाही.’’ आकडा घसरू लागला. ‘बोर.’ ‘भाषण कधी?’ ‘‘तीन. निर्णय होईपर्यंत दोघांचीही नावं गुप्त राहतील आणि दोघांपैकी कोणाचंही शिक्षण थांबवलं जाणार नाही.’’ मामा अडखळला. ‘‘दोघांचंही? मुलाचंपण?’’

‘‘मुलाचंपण. ते दोघे काका ज्याच्यासाठी ओरडत होते ते तिथंच लिहिलंय.’’

कोणीतरी कमेंट टाकली: ‘नंबर तीन परत वाचा.’ मामानं परत वाचला. मग पुढे.

‘‘चार. दोघांपैकी कोणाचीही ओळख पटेल असं काहीही, म्हणजे नाव, छायाचित्र, पोशाख...’’

तो तिथं थांबला. खालून पदेराची सायकल पों पों करत गेली तेवढंच ऐकू आलं. मी मामाच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. कधीकधी आपल्या माणसाला बघू नये.

‘‘...पोशाख, घर, मूळ गाव, संस्थेतल्या वा बाहेरच्या कोणीही प्रसिद्ध करू नये.’’ त्यानं घसा साफ केला. ‘‘मी प्रसिद्ध केलं. मी नियम वाचला नव्हता. आरडाओरडा ऐकला आणि तोच लिहिला.’’ मग त्यानं खिशातला दुसरा फोन काढला आणि सगळ्यांसमोर अंगठ्यानं ती बातमी उडवली. मतदानासकट. ‘‘कोणाकडे तो फोटो आला असेल तर पुढे पाठवू नका. हात जोडतो.’’

तोवर बघणारे मूठभर उरले होते. माफीला कोण थांबतं?

तिथून आम्ही स्कूटरनं पूनमच्या खोलीवर गेलो. मामानं चप्पल बाहेर काढली, पण आत यायला कोणी म्हटलं नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

‘‘फोटो काढला मी,’’ तो म्हणाला. ‘‘चुकलं माझं.’’

आनंदाकाकांनी त्याच्याकडे बघितलं. ‘‘फुटू काढला म्हंजे बगितल्यालं पुसतंय व्हय?’’

बोलून पोट भरणारा माझा मामा खाली मान घालून उभा राहिला.  कपड्यांनी फुगलेली ती बॅग अजून दारातच होती.

आतून भागीरथीकाकी म्हणाली, ‘‘ते चार लंबरचं परत वाच की, पोरी.’’

म्हणजे ती बघत होती! मी वाचलं.

‘‘पोशाख म्हंजे लुगडं, पदर, समदंच आलं?’’

‘‘सगळं आलं, काकी.’’

‘‘कुणी लिवलंय ते?’’

‘‘प्रिन्सिपल सरांनी आणि समितीतल्या मॅडमनी.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली. बस्स. ‘हं’चा अर्थ मला लागेना. 

शनिवारी मी इतक्या लवकर फाटकाशी जाऊन उभी राहिले की शिपाईकाकांनी विचारलं, ‘‘बाय, फाटक तूच उघडतेस काय?’’ चंदगडची गाडी बाजारातून सुटते. फाटकातून रस्त्याचं वळण दिसतं. मी त्या वळणावर डोळे लावले. एक गाडी गेली. ती कुठली, पाटी दिसली नाही.  मुलं आली, गेली. तो मुलगाही आला, वडिलांबरोबर, खाली बघत. त्याला वेगळ्या खोलीत नेलं. नियमात तसंच होतं.

मग वळणावर हिरवा काठ दिसला.

भागीरथीकाकी पुढे चालत होती, पदर डोक्यावर, नेहमीपेक्षा दोन बोटं पुढे ओढलेला. तो घाबरून ओढलेला पदर नव्हता हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. तिचा हात धरून पूनम. मागे आनंदाकाका, खांद्यावर ती फुगलेली बॅग. फाटकाशी घोळका होता; कोणीतरी कोणालातरी कोपर मारलं. काकीनं थांबून त्यांच्याकडे बघितलं, पूर्ण, सावकाश. कोपर खाली गेलं.

पूनमनं माझा हात दाबला.  मग त्या दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

मला आत प्रवेश नव्हता. आनंदाकाकांनाही, एकाच पालकाला होता, आणि तो कोण हे घरात ठरलेलं दिसत होतं. आम्ही फाटकाजवळच्या कठड्यावर बसलो. मध्ये बॅग.

‘‘काका, गाडी...’’

‘‘दुपारी बी हाय एक,’’ ते म्हणाले.

मी गप्प बसले. या आठवड्यात दुसऱ्यांदा! आतून काही ऐकू येत नव्हतं. काका बंद दाराकडे बघत होते. उन्हाचा पट्टा सरकत आमच्या पायांवर आला तरी दार उघडेना.

शेवटी त्यांनी बॅगेची चेन ओढली. कपड्यांच्या वर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते मांडीवर घेऊन सोडलं. वाटेसाठी बांधलेल्या भाकऱ्या आणि लाल चटणी. गाडीत बसल्यावर, घाट लागला की खायच्या.

त्यांनी एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

‘‘खा,’’ ते म्हणाले. ‘‘येळ लागंल त्यांना.’’